‘दंतकथा’ या शब्दाची कथा : कल्याणची सून, ठाण्यातील अस्थी आणि अंबरनाथची एक रात्र

१/
कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळा. विजयी सरदार एका रूपवती बंदिनीला नजराणा म्हणून दरबारात उभी करतो. शिवाजी महाराज तिच्या ठायी मातृरूप पाहतात, सरदाराची कानउघाडणी करतात आणि साडीचोळी देऊन तिची सन्मानाने पाठवणी करतात. शाळेतल्या धड्यांतून, कीर्तनांतून, पोवाड्यांतून आणि चित्रपटांतून ही कथा पिढ्यानुपिढ्या ऐकली गेली. इतिहासाचे अभ्यासक मात्र तिच्यापुढे एकच शब्द लिहितात : दंतकथा. त्या शब्दाने कुणी दुखावतो, कुणी कुत्सितपणे हसतो. आणि दोघेही धरून चालतात, की दंतकथा म्हणजे खोटी गोष्ट. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र वेगळाच आहे.

२/
शब्दाची फोड सोपी आहे : दंत आणि कथा. येथे दंत म्हणजे केवळ दात नव्हेत. दातांच्या नावाने सगळ्या मुखाचा निर्देश केलेला आहे. ‘चार हात कामाला लागले’ असे म्हणताना जसा हातांमागचा माणूस अभिप्रेत असतो, तसेच हे. जी कथा लेखणीतून उतरलेली नाही, जी एका तोंडातून दुसऱ्या कानी आणि तेथून तिसऱ्याच्या तोंडी जात आपल्यापर्यंत पोहोचली, ती दंतकथा. म्हणजे हा शब्द कथा कोणत्या वाटेने आली एवढेच सांगतो. ती खरी की खोटी, याविषयी शब्दाच्या घडणीत चकार अक्षर नाही. तो निवाडा नंतर त्याच्यावर लादला गेला.

३/
एक गंमत उच्चारातही दडलेली आहे. त, थ, द, ध, न या वर्णांना व्याकरणात ‘दंत्य’ म्हणतात, कारण त्यांच्या उच्चाराच्या वेळी जिभेचे टोक वरच्या दातांना भिडते. आता ‘दंतकथा’ हा शब्द सावकाश उच्चारून पाहावा. द, न्, त आणि थ, पाचांपैकी चार दंत्य वर्ण त्यात हजर आहेत. मध्ये तेवढा एक ‘क’ कंठातून येतो. दातांचे नाव घेणारा हा शब्द दातांवर जीभ टेकवल्याशिवाय बोलताच येत नाही.

४/
दात हा अवयव मराठीत भलताच बोलका आहे. रागाने दात ओठ खाल्ले जातात, भीतीने दातखिळी बसते, निर्लज्जपणे दात विचकले जातात, आणि कफल्लक माणसाकडे दातावर मारायला पैसा नसतो. दात कोरून पोट भरत नाही, हे म्हणीने सांगितलेले व्यवहारज्ञान. या साऱ्यांत इतिहासाच्या वाचकाला सर्वांत ओळखीचा वाक्प्रचार म्हणजे ‘दाती तृण धरणे’. पराभूताने दातांत गवताची काडी धरून आपण गाईसारखे अवध्य आहोत, अभय द्यावे, असे सुचवणे, ही शरणागतीची जुनी खूण. तो प्रघात गेला, वाक्प्रचार उरला. तोंडी परंपरा गोष्टी कशा जपते, याचा हा छोटासा दाखला आहे.

५/
तोंडावाटे आलेल्या ज्ञानाला आपल्या भाषेने शरीराच्या वेगवेगळ्या अवयवांची नावे दिली, आणि प्रत्येक नावाला वेगळी प्रतिष्ठाही दिली. कानाने ऐकून जपलेले ते श्रुती. त्याहून पवित्र काही नाही. कंठात साठवलेले ते कंठस्थ. त्याला विद्वत्तेचा मान. मुखातून बिनचूक निघते ते मुखोद्गत, त्याचे कौतुक. कानोकान पसरते ते कर्णोपकर्णी. त्याच्याविषयी थोडी साशंकता. आणि दातांवाटे आलेली ती दंतकथा. तिच्यावर उघड अविश्वास. वास्तविक या साऱ्यांची वाट एकच, तोंडातून कानाकडे. तरीही कंठाला मान आणि दाताला संशय, अशी वाटणी भाषेने करून टाकली.

६/
याच घराण्यातले वाटणारे दोन शब्द मात्र दातांचे सोयरे नाहीत. ‘वदंता’ आणि ‘किंवदंती’ यांत ‘दंत’ ऐकू येतो खरा, पण त्यांचे मूळ ‘वद्’, म्हणजे बोलणे, या धातूत आहे. किंवदंती म्हणजे ‘काय बरे बोलतात?’. लोक बोलतात, पण पहिल्यांदा कोण बोलले ते कळत नाही, हा त्या शब्दाचा भाव. ‘आख्यायिका’ हा तिसरा शब्द ‘ख्या’, म्हणजे सांगणे, या धातूपासून आला. कानाला सारखे वाटते म्हणून नाते जोडू नये, हा शब्दांच्या इतिहासातला पहिला धडा. कथांच्या इतिहासातही तोच पुढे उपयोगी पडतो.

७/
रोजच्या बोलण्यात ‘दंतकथा’ आज तीन अर्थांनी येतो. पहिला अर्थ परंपरेचा : गावाची, देवळाची, तळ्याची सांगोवांगी चालत आलेली हकीकत. दुसरा अर्थ अविश्वासाचा : ‘असल्या दंतकथा मला सांगू नकोस’. तिसरा अर्थ नवा आणि थेट उलटा : एखादा खेळाडू किंवा गायक ‘जिवंत दंतकथा’ बनतो. वर्तमानपत्रांनी रुजवलेल्या या तिसऱ्या अर्थात दंतकथा ही गौरवाची पदवी आहे. एकाच शब्दाने कुणाला खोटे पाडावे आणि त्याच शब्दाने कुणाला अजरामर करावे, असे भाग्य फार थोड्या शब्दांना लाभते.

८/
हा तिसरा अर्थ इंग्रजीतल्या ‘लेजंड’वरून आला. त्या शब्दाचे मूळ लॅटिन ‘लेजेंडा’, आणि त्याचा अर्थ ‘वाचण्याजोगे’. मध्ययुगीन युरोपात संतांची चरित्रे मठांतून व चर्चमधून मोठ्याने वाचली जात, ती लेजेंडा. त्यांत चमत्कार पानोपानी असत, तरी ती चर्मपत्रावर लिहिलेली होती. म्हणजे युरोपचा शब्द सांगतो ‘वाचलेली’, आपला शब्द सांगतो ‘बोललेली’. एकमेकांच्या अगदी विरुद्ध वाटांनी आलेले हे दोन शब्द आज एकमेकांचे भाषांतर म्हणून वापरले जातात. हा फरक ध्यानात ठेवून आता कल्याणला जाऊ. पुढे ठाण्याला त्याची पुन्हा गरज लागेल.

९/
कल्याण, १६५७. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुहम्मद आदिलशहा वारला होता. विजापूरवर औरंगजेबाची स्वारी झाली होती, आणि सप्टेंबरात शाहजहान आजारी पडल्याने मोगलांचे लक्ष उत्तरेकडे लागले होते. ही संधी साधून शिवाजी महाराजांच्या सैन्याने उत्तर कोकणात उतरून २४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण-भिवंडी घेतली. या विजयाचे महत्त्व खाडीच्या पाण्यात होते. दोनच वर्षांनी, १६५९ मध्ये, पोर्तुगीज पत्रव्यवहारात चिंता उमटली, की शहाजीच्या या मुलाने कल्याण, भिवंडी आणि पनवेल येथे लढाऊ गलबते बांधली आहेत. मराठी आरमाराचा आरंभ या खाडीकाठी झाला.

१०/
कल्याण प्रांत तेव्हा मुल्ला अहमद या नवाइत घराण्यातील सरदाराकडे होता. नवाइत म्हणजे अरबी वंशाचे मानले जाणारे, कोकण आणि कानडा किनाऱ्यावर स्थिरावलेले मुसलमान. मुल्ला अहमद हा विजापूरच्या दरबारातील मोठ्या वजनाचा माणूस होता. १६६५ मध्ये तो मिर्झाराजा जयसिंगाच्या छावणीत विजापूरचा वकील म्हणून गेला आणि मोगलांना मिळाला. कथेतला ‘कल्याणचा सुभेदार’ तो हाच. म्हणजे कथेतले स्थळ खरे, लढाई खरी, सासराही खरा. प्रश्न उरतो तो सुनेचा.

११/
ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कल्याणचा प्रसंग आहे : आबाजी सोनदेव अचानक छापा घालून कल्याण घेतो, मुल्ला अहमद कैद होतो, आणि महाराज त्याला आदराने वागवून विजापूरला परत पाठवतात. सन्मानाने केलेली पाठवणी या हकीकतीत आहे, पण ती सासऱ्याची. डफने हा प्रसंग १६४८ च्या सुमाराचा धरला. आज मान्य असलेली तारीख त्याहून नऊ वर्षे पुढची आहे. हाताशी असलेल्या उत्तरकालीन बखरींवर भिस्त ठेवली, की असे घडते. बखरीला घटना आठवते, साल आठवत नाही.

१२/
सून कुठे भेटते? महाराजांच्या हयातीत कवींद्र परमानंदाने रचलेल्या ‘शिवभारता’त ती नाही. तारखांची नोंद ठेवणाऱ्या जेधे शकावलीत नाही. महाराजांच्या निधनानंतर दोन दशकांच्या आत जिंजीला लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीतही नाही. आणि सभासद तर महाराजांच्या गुणांची नोंद करायला उत्सुक असलेला लेखक. इतका उजळ प्रसंग घडला असता, तर तो त्याच्या लेखणीतून सुटणे कठीण होते. मौन हा निर्णायक पुरावा नसतो. पण ज्याने बोलायला हवे होते त्याचे मौन जड असते. सून येते ती पुढच्या काळातल्या सांगण्यांतून. म्हणून ती दंतकथा.

१३/
दुसरी शंका कथेच्या साच्यामुळे येते. इसवी सनापूर्वी २०९ मध्ये रोमन सेनापती स्किपिओने स्पेनमधील नवे कार्थेज जिंकले. सैनिकांनी एक अतिशय रूपवती तरुणी त्याला भेट म्हणून आणली. त्याने तिला सन्मानाने परत पाठवले. पॉलिबियस हा आधीचा इतिहासकार सांगतो, की तिला तिच्या पित्याकडे सोपवले. पुढे लिव्ही हीच गोष्ट सांगतो तेव्हा तिच्या नियोजित वराला ‘अल्युकियस’ हे नाव मिळते, आणि खंडणीचे सोने स्किपिओ हुंडा म्हणून परत करतो. युरोपच्या चित्रकारांनी हा देखावा शतकानुशतके रंगवला. कथा जितकी पुढे चालते तितके तिच्या अंगावर दागिने चढतात.

१४/
हाच साचा ठाणे परिसरात दुसऱ्यांदाही दिसतो. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसई शरण आली. तेथेही लोक सांगतात, की पोर्तुगीज अधिकाऱ्याची रूपवती स्त्री अप्पांपुढे आणली गेली आणि त्यांनी तिला मानाने परत पाठवले. दफ्तर वेगळे सांगते, पण उलटे सांगत नाही. तहाच्या कलमांनी पोर्तुगीज सैनिकांना व रहिवाशांना आपापल्या कुटुंबांसह, सन्मानाने वसई सोडण्याची मुभा दिली होती. लोकस्मृतीने त्या रूक्ष कलमांची एक स्त्री केली. कलम लक्षात राहत नाही, चेहरा राहतो.

१५/
मग कल्याणच्या कथेमागे असे एखादे ‘कलम’ आहे काय? आहे, आणि एकाहून अधिक आहेत. परमुलखात बायकापोरे धरू नयेत, लष्करात बायको, बटीक वा कलावंतीण नसावी, हे महाराजांचे लष्करी नियम सभासदाने नोंदवले. रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअमल केला, तेव्हा विशीही न ओलांडलेल्या शिवाजीराजांनी त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा दिली. त्याची साक्ष महाराजांच्या शिक्क्याच्या कागदात आहे. येथे बोलतो तो दप्तरातला कागद. सांगोवांगीला येथे जागा नाही.

१६/
सर्वांत मोलाची साक्ष शत्रुपक्षाची आहे. खाफी खान हा मोगलांचा इतिहासकार. महाराजांविषयी तो कठोर शब्द वापरतो. प्रेमाने लिहिण्याचे त्याला काहीच कारण नव्हते. तोच खाफी खान लिहितो, की शिवाजीच्या लोकांना मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना उपद्रव न देण्याची सक्त ताकीद होती, आणि हाती लागलेल्या स्त्रिया त्यांचे नातलग सोडवून नेईपर्यंत सुरक्षित राखल्या जात. स्तुती करणाऱ्या भाटाच्या दहा ओळींपेक्षा विरोधकाची अशी एक ओळ भारी असते. सुभेदाराच्या सुनेची कथा नाकारली, तरी महाराजांच्या चारित्र्याचा एक कणही कमी होत नाही, तो या साक्षींमुळे.

१७/
आता कथेचे स्थान स्पष्ट होते. घटना म्हणून तिला पुरावा नाही. पण एखाद्या समाजाने आपल्या राजाविषयी कोणती कथा जिवापाड जपली, हाही पुरावाच आहे. तो १६५७ चा नाही, त्यानंतरच्या सांगणाऱ्यांचा आहे. जिंकलेल्या मुलखातील स्त्री ही लुटीचा भाग मानली जाण्याचा तो काळ होता. अशा काळाच्या स्मृतीतून लोकांनी ‘आमचा राजा तसा नव्हता’ हे एका प्रसंगात बांधून ठेवले. नियमांची यादी आजीला नातवापुढे म्हणून दाखवता येत नव्हती. गोष्ट सांगता येत होती.

१८/
या कथेत एक पोकळीही आहे, आणि ती तरुण अभ्यासकाने जरूर पाहावी. तिच्यात नायिका बोलतच नाही. ती कोणाची तरी सून आहे, कोणाची तरी भेट आहे, कोणाच्या तरी औदार्याचा विषय आहे. पुढच्या सांगणाऱ्यांनी तिला गौहरबानू हे नाव दिले, पण बोल दिले नाहीत. सरदार बोलतो, राजा बोलतो, ती ऐकते. विसाव्या शतकात तिला परत पाठवणे योग्य होते की अयोग्य, यावर नामवंतांनी वाद घातले. ती होती काय, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी आधी विचारला. दंतकथा काय सांगते, यासोबत ती कोणाला गप्प ठेवते, तेही वाचावे लागते.

१९/
आता ठाण्याकडे. कल्याणची कथा तोंडी आहे म्हणून संशयित ठरली. मग लिहिलेली कथा आपोआप विश्वसनीय ठरते काय? १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू होर्मुझहून कोल्लमकडे निघाले असता वाऱ्याने ठाण्याच्या बंदरी लागले. धर्मावरून झालेल्या एका वादानंतर ते येथे मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस तेव्हा ठाण्याबाहेर होता, म्हणून वाचला. त्याचे १३२१ सालचेच पत्र उपलब्ध आहे. घटनेच्या वर्षीच, घटनेच्या जवळच्या माणसाने लिहिलेला कागद; अभ्यासकाला याहून अधिक काय हवे? चार साधूंचा मृत्यू म्हणूनच इतिहास ठरतो.

२०/
काही काळाने ओडोरिक नावाचा इटालियन साधू ठाण्यास आला. त्याने त्या चौघांच्या अस्थी उकरल्या आणि सोबत घेऊन तो समुद्रमार्गे पूर्वेकडे, थेट चीनकडे निघाला. त्याच्या प्रवासवृत्तात या अस्थींचे पराक्रम आहेत. तो अस्थी उशाशी घेऊन निजला असता घराला आग लावली गेली. सारे घर जळाले, तो होता तो कोपरा तेवढा वाचला. पुढे समुद्रात वारा पडला, सर्वांच्या प्रार्थना वाया गेल्या. मग एक अस्थी पाण्यात टाकताच शिडे फुगली. हे सारे चर्मपत्रावर लिहिलेले आहे, नावानिशी आणि गावानिशी. म्हणजे ही अस्सल ‘लेजेंडा’ झाली.

२१/
पण या लिखिताच्या मुळाशी काय आहे? ओडोरिकने वृत्तांत स्वतः लिहिला नाही. १३३० मध्ये, पादुआ येथे परतल्यावर, त्याने तो तोंडी सांगितला आणि सोलान्याच्या विल्यम नावाच्या साधूने उतरवून घेतला. पुढच्या जानेवारीत ओडोरिक वारला. म्हणजे ठाण्याच्या अस्थींचा चमत्कार हाही मुळात दातांतूनच निघालेला. शाई त्याला नंतर लागली. तोंडी ते खोटे आणि लिहिलेले ते खरे, ही सोयीची विभागणी येथे कोसळते. एकाच ठाण्यात, एकाच घटनेविषयी, जॉर्डानसच्या पत्रातली हकीकत आणि ओडोरिकच्या वृत्तांतातला चमत्कार शेजारी शेजारी उभे आहेत. दोन्ही लिखितच.

२२/
तिसरे उदाहरण दगडावरचे. कल्याणजवळ अंबरनाथला वालधुनीच्या काठी असलेले शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, असे परिसरात सांगतात. महाराष्ट्रात असा लौकिक अनेक जुन्या वास्तूंना मिळाला. नाशिकच्या लेण्यांचे तर नावच पांडवलेणी पडले, जरी तेथील शिलालेख सातवाहनांची आणि क्षत्रपांची नावे घेतात. अंबरनाथच्या मंदिरातही, उत्तरेकडील दाराच्या वरच्या दगडावर आतल्या बाजूस, संस्कृत लेख आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, आणि शिलाहार राजा मम्वाणी, ज्याला आपण मुम्मुणी म्हणून ओळखतो, त्याचा काळ त्यातून कळतो.

२३/
उत्तर दारावरच कोरलेले असताना पांडव कुठून आले? लिपी बदलली, वाचणारे उरले नाहीत, लेख मुका झाला. एवढे कोरीव काम माणसाच्या हातचे नव्हे असे वाटले, आणि उत्तराची रिकामी जागा तोंडी परंपरेने भरली. अभ्यासकांनाही तो लेख एका झटक्यात उलगडला नाही. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातील शक ७८२ असा वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ असल्याचे दाखवले. एका अंकाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले. दगड खोटे बोलत नाही, पण वाचणाऱ्याची नजर चुकू शकते.

२४/
कागदाची शिस्त महाराष्ट्राला कष्टाने लागली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि बखरींतल्या गोंधळावर अस्सल पत्रांचा उजेड पाडला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून रुमाल सोडवले गेले. ‘दंतकथा’ या शब्दाला आजची तुच्छतेची धार याच काळात चढली असावी, असे मानायला जागा आहे; कारण कागदाचा मान वाढला, की तोंडाचा उतरतो. ती शिस्त आवश्यक होती. तिने लढायांच्या तारखा मिळवून दिल्या, बनावट सनदा उघड्या पाडल्या.

२५/
तरीही कागद हा सर्वांचा नसतो. वतनदाराची सनद जपली जाते. दळण दळणाऱ्या बाईची ओवी तिच्या ओठांवर राहते. कल्याणच्या बंदरात गलबतांना खिळे ठोकणारे सुतार, ठाण्याच्या खाडीत जाळी टाकणारे कोळी, अंबरनाथचा दगड घडवणारे पाथरवट, यांतले किती जण लिहून ठेवू शकले? ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांचा इतिहास बव्हंशी दातांवाटेच आला. दंतकथा सरसकट फेकून देणे म्हणजे या साऱ्यांना दुसऱ्यांदा मुके करणे होय. आणि ती सरसकट स्वीकारणे म्हणजे राजवाड्यांपासूनचे सारे श्रम पाण्यात घालणे होय.

२६/
म्हणून दंतकथा हाती आली, की तिला काही प्रश्न विचारावेत. घटनेपासून ती किती वर्षांनी प्रथम दिसते? ज्यांनी तिचा उल्लेख करायलाच हवा होता, ते तिच्याविषयी काय म्हणतात? तिचा साचा दुसऱ्या देशात, दुसऱ्या काळात सापडतो काय? प्रत्येक नव्या सांगण्यात तिच्यात नावे आणि दागिने वाढत गेले काय? विरोधकाची साक्ष कोणत्या बाजूला झुकते? आणि शेवटी, ती कोणी, कोणाला, कशासाठी सांगितली? पहिल्या पाच प्रश्नांतून घटना घडली की नाही याचा अंदाज येतो. सहाव्यातून सांगणारा समाज दिसू लागतो.

२७/
हे प्रश्न आज अधिकच निकडीचे आहेत. पूर्वी एखादी कथा कल्याणहून वसईला पोहोचायला बाजाराचा दिवस लागे. आज ती एका क्षणात हजारो भ्रमणध्वनींवर उतरते, आणि अक्षरांत छापलेली दिसते म्हणून लोक तिला कागदाचा मान देतात. खाली एखाद्या ग्रंथाचे नाव चिकटवले, की संशयही मावळतो. वस्तुतः ती दंतकथाच असते, फक्त दातांऐवजी अंगठ्याने पुढे सरकवलेली. ओडोरिकच्या वृत्तांताने सातशे वर्षांपूर्वी दिलेला इशारा येथे तंतोतंत लागू पडतो : लिहिलेले आहे म्हणून ते घडलेले असेलच असे नाही.

२८/
कल्याणच्या सुभेदाराची सून इतिहासाच्या दरबारात उभी राहिली, तर तिला साक्षीदार म्हणून बसवता येणार नाही. १६५७ च्या त्या दिवशी काय घडले, हे ती सांगू शकत नाही. पण लोकांनी तिला का घडवले, हे विचारले तर रांझ्याचा कागद, सभासदाचे नियम आणि खाफी खानाची ओळ एकाच दिशेला बोट दाखवतात. तिच्यापुढे ‘दंतकथा’ हा शब्द लिहावा, अवश्य लिहावा; मात्र तो कथेच्या प्रवासाची नोंद म्हणून लिहावा. ती मुखामुखी आली, एवढेच त्याने सांगितले आहे. तिला खरे-खोटे ठरवण्याचे काम त्या शब्दावर सोपवून मोकळे होता येत नाही. ते अभ्यासकालाच करावे लागते.